लॅटिन प्रत्यय कसे लावावेत: विशेषणे आणि नामे घडवण्याची क्रमवार रीत

वनस्पतिशास्त्र, शरीररचनाशास्त्र किंवा स्वतः लॅटिन भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रत्ययांच्या याद्या सहसा पाठ असतात. तरीही शब्द घडवायला सांगितला की ‘कोर्पुस’पासून ‘कोर्पुसालिस’ आणि ‘लूना’पासून ‘लूनालिस’ अशी रूपे वहीत उतरतात. खरी रूपे ‘कोर्पोरालिस’ आणि ‘लूनारिस’ अशी आहेत. प्रत्ययाचा अर्थ विद्यार्थ्याला माहीत असतो, पण कामाचा क्रम चुकतो. आधी शब्दाचे अंग (प्रत्यय ज्याला लागतो तो भाग) काढायचे, मग अर्थानुसार प्रत्यय निवडायचा, मग सांध्यावरचे ध्वनिबदल पाहायचे आणि सर्वांत शेवटी लिंग-वचनाचा अंत्य लावायचा, हा तो क्रम आहे. यातली एकही पायरी गाळली तर उरलेल्या पायऱ्या बरोबर असूनही शब्द चुकतो.

## पूर्वतयारी

जवळ असा शब्दकोश घ्यावा, ज्यात प्रत्येक नामाची षष्ठी आणि लिंग, तसेच प्रत्येक क्रियापदाची चारही मुख्य रूपे दिलेली असतील. नुसते शब्द आणि अर्थ देणारा छोटा कोश या कामाला पुरत नाही. वहीत चार रकाने आखावेत: मूळ शब्द आणि त्याची षष्ठी, अंग, प्रत्यय, आणि शेवटचा अंत्य.

उच्चाराबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. वर्गात इंग्रजी वळणाने ‘ऑफिसिनेल’ ऐकू येते, पण या लेखात प्राचीन लॅटिन उच्चार धरला आहे, म्हणून तेच नाव येथे ‘ओफ्फिकीनाले’ असे दिसेल. ऱ्हस्व आणि दीर्घ ‘आ’ यांत लिपीत भेद केलेला नाही.

## टप्पा १: अंग काढणे

नामाचे अंग प्रथमेच्या रूपात शोधू नये. षष्ठी एकवचनाचे रूप घ्यावे आणि त्याचा अंत्य काढून टाकावा. नामांच्या पाच वर्गांत हा अंत्य अनुक्रमे -आए, -ई, -इस, -ऊस आणि -एई असा असतो. मराठीत ‘घोडा’ला ‘-ला’ थेट लागत नाही. आधी ‘घोड्या-’ हे सामान्यरूप होते आणि मग ‘घोड्याला’ होते. लॅटिनमध्ये नवा शब्द घडवतानाही प्रत्यय असाच तयार झालेल्या अंगाला लागतो.

फ्लोस (फूल) याची षष्ठी फ्लोरिस, म्हणून अंग फ्लोर-. रेक्स (राजा), रेगिस, अंग रेग-. मीलेस (सैनिक), मीलितिस, अंग मीलित-. नोमेन (नाव), नोमिनिस, अंग नोमिन-.

सर्वांत जास्त फसगत -उस अंत्याच्या नामांत होते. होर्तुस (बाग), कोर्पुस (शरीर), गेनुस (वंश) आणि कुर्सुस (धाव) हे चार शब्द प्रथमेत सारखे दिसतात. त्यांच्या षष्ठ्या मात्र होर्ती, कोर्पोरिस, गेनेरिस आणि कुर्सूस अशा आहेत. म्हणजे पहिल्याचे अंग होर्त-, दुसऱ्याचे कोर्पोर-, तिसऱ्याचे गेनेर-, आणि चौथा शब्द वेगळ्याच वर्गातला आहे. हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, कोशातूनच कळते.

क्रियापदाला दोन अंगे असतात आणि दोन्ही लिहून ठेवावी लागतात. आगो, आगेरे, एगी, आक्तुम (चालवणे, करणे) यातून वर्तमानाचे अंग आग- मिळते आणि चौथ्या रूपाचा -उम काढून आक्त- मिळते. स्क्रीबो, स्क्रीबेरे, स्क्रिप्सी, स्क्रिप्तुम (लिहिणे) यातून स्क्रीब- आणि स्क्रिप्त- मिळतात. काही कोश चौथे रूप -उस अंत्याने देतात. अंग तेच राहते. संस्कृत शिकलेल्यांना हे चौथे रूप ओळखीचे वाटेल, कारण लॅटिन ‘दातुम’ आणि संस्कृत ‘दातुम्’ ही एकाच मुळातून आलेली रूपे आहेत.

तपासणी: नामाशेजारी षष्ठी आणि क्रियापदाशेजारी दोन्ही अंगे लिहिलेली नसतील तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

## टप्पा २: काय हवे आहे ते ठरवणे

प्रत्यय निवडण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे लेखी द्यावीत. मूळ शब्द नाम आहे, विशेषण आहे की क्रियापद? आणि साधित शब्द विशेषण हवा की नाम? एकसारखा दिसणारा प्रत्यय वेगवेगळ्या मुळांना लागून वेगळा अर्थ देतो, म्हणून ही पायरी आहे. नामाला लागणारा -ईलिस ‘त्याच्या स्वभावाचा, त्याला शोभणारा’ असे सांगतो: होस्तिस (शत्रू) यापासून होस्तीलिस, पुएर (मुलगा) यापासून पुएरीलिस. क्रियापदाला लागणारा ऱ्हस्व -इलिस ‘सहज होणारा’ असे सांगतो: फाकिओ (करणे) यापासून फाकिलिस (सोपा), फ्रांगो (मोडणे) यापासून फ्रागिलिस (ठिसूळ). छापील लॅटिनमध्ये ऱ्हस्व-दीर्घाची खूण बहुधा नसते, त्यामुळे मूळ शब्द कोणता हे विचारल्याशिवाय भेद सापडत नाही.

## टप्पा ३: नामापासून विशेषण

येथे प्रत्ययांची गर्दी आहे. पण त्यांचे अर्थ बरेच स्पष्ट आहेत.

केवळ ‘संबंधित’ एवढेच सांगायचे असेल तर -आलिस. रेग- पासून रेगालिस, नोमिन- पासून नोमिनालिस, कोर्पोर- पासून कोर्पोरालिस. मात्र अंगात आधीच ‘ल’ असेल तर दोन ‘ल’ टाळण्यासाठी -आलिसचा -आरिस होतो: लूनारिस, मीलितारिस, पोपुलारिस. भाषाशास्त्रात याला विषमीकरण म्हणतात. आपल्या हाताच्या पुढच्या भागातील दोन हाडांवरून हा नियम कायमचा लक्षात राहतो. रादिउस या हाडाशी संबंधित धमनी ‘आर्तेरिआ रादिआलिस’ आणि उल्ना या हाडाशी संबंधित धमनी ‘आर्तेरिआ उल्नारिस’. स्वयंपाकघरातही हीच जोडी आहे. आल्याचे शास्त्रीय नाव झिंगिबेर ओफ्फिकीनाले आहे आणि मसुराचे लेन्स कुलीनारिस. ओफ्फिकीना (कार्यशाळा, औषधशाळा) या शब्दात ‘ल’ नाही. कुलीना (स्वयंपाकघर) या शब्दात आहे.

इशारा: ‘ल’ दिसताच -आरिस लावू नये. अंगात ‘ल’च्या नंतर ‘र’ येत असेल तर -आलिस कायम राहतो, म्हणून फ्लोरालिस आणि लातुस, लातेरिस (बाजू) यापासून लातेरालिस ही रूपे बरोबर आहेत. याखेरीज प्लुविआलिस (पावसाचा), लाबिआलिस (ओठाचा), लेगालिस (कायद्याचा) असे काही शब्द नियमाबाहेर आहेत. ते तर्काने सोडवण्याच्या भानगडीत न पडता कोशात पाहावेत.

‘पुष्कळ असलेला, भरलेला’ यासाठी -ओसुस: स्पीना (काटा) यापासून स्पीनोसुस, तूबेर, तूबेरिस (गाठ) यापासून तूबेरोसुस. बटाट्याचे सोलानुम तूबेरोसुम हे नाव त्यातूनच आले. येथे एक अडचण आहे. -इओ अंत्याच्या नामांचे अंग -इओन- असते, पण -ओसुस लागताना त्यातला -ओन- गळतो. रेलिगिओ, रेलिगिओनिस (धर्मभाव) यापासून रेलिगिओसुस होते, ‘रेलिगिओनोसुस’ होत नाही. पिंपळाचे फीकुस रेलिगिओसा हे नाव त्याचा रोजचा पुरावा आहे. रातिओ, रातिओनिस (विचार, हिशेब) या शब्दाला -आलिस लागताना मात्र -ओन- टिकतो आणि रातिओनालिस होते.

‘ज्याला अमुक अवयव आहे असा’ यासाठी -आतुस. क्रिस्ता (तुरा) यापासून क्रिस्तातुस. मोराचे पावो क्रिस्तातुस हे नाव या प्रत्ययाचे आहे. पदार्थापासून बनलेले दाखवायचे तर -एउस: आउरुम (सोने) यापासून आउरेउस, लिग्नुम (लाकूड) यापासून लिग्नेउस. प्राण्यांसाठी -ईनुस: एक्वुस (घोडा) यापासून एक्वीनुस.

स्थळनामांना -एन्सिस, -आनुस, -ईनुस, -इकुस लागतात, आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नामसंहितेतही स्थलवाचक विशेषणांसाठी याच अंत्यांची शिफारस आहे. वडाचे फीकुस बेंगालेन्सिस, आंब्याचे मांगिफेरा इंदिका, शेकरूचे रातुफा इंदिका ही उदाहरणे परिचित आहेत. कोणत्या गावाला कोणता प्रत्यय हे प्राचीन शब्दांत रूढीने ठरलेले असते: रोमा ते रोमानुस, पण कार्थागो, कार्थागिनिस ते कार्थागिनिएन्सिस. या दुसऱ्या शब्दात षष्ठीच्या अंगाला आणखी एक ‘इ’ जोडला आहे, हे ध्यानात घ्यावे.

-आकेउस (‘त्यासारखा, त्या जातीचा’) हा प्रत्यय वनस्पतींच्या कुलनामांत स्त्रीलिंगी अनेकवचनात, म्हणजे -आकेआए असा येतो. परीक्षेत कुलनाम चुकते ते जवळजवळ नेहमी पहिल्या टप्प्यामुळे. चित्रकाचा गण (जीनस, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) प्लुम्बागो आहे, म्हणून विद्यार्थी ‘प्लुम्बागाकेआए’ लिहितात. षष्ठी प्लुम्बागिनिस, अंग प्लुम्बागिन-, म्हणून कुलनाम प्लुम्बागिनाकेआए.

## टप्पा ४: क्रियापदापासून विशेषण

येथे कोणता प्रत्यय कोणत्या अंगाला लागतो हे आधी पक्के करावे.

वर्तमानाच्या अंगाला -बिलिस (‘करण्याजोगा’) लागतो: आमो ते आमाबिलिस, क्रेदो ते क्रेदिबिलिस. त्याच अंगाला -आक्स लागला की एखाद्या गोष्टीकडे असलेला जोरदार कल दिसतो: आउदेओ (धाडस करणे) ते आउदाक्स, तेनेओ (धरणे) ते तेनाक्स.

-एओ अंत्याच्या, स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदांची एक सुंदर मालिका आहे, आणि ती तिहेरीच पाठ करावी: कालेओ (गरम असणे), कालिदुस (गरम), कालोर (उष्णता), तिमेओ, तिमिदुस, तिमोर, तुमेओ, तुमिदुस, तुमोर. पहिले क्रियापद, दुसरे विशेषण, तिसरे पुल्लिंगी नाम. रोमन लेखक केल्सुस याने दाहाची जी चार लक्षणे सांगितली, ती रुबोर, तुमोर, कालोर, दोलोर ही चारही -ओर प्रत्ययाची नामे आहेत.

चौथ्या रूपाच्या अंगाला -ईवुस लागतो: काप्तुम ते काप्तीवुस, आक्तुम ते आक्तीवुस. सेरो, सेरेरे, सेवी, सातुम (पेरणे) यापासून सातीवुस, म्हणजे पेरून पिकवलेला. वर्तमानाचे अंग सेर- धरले असते तर हा शब्द कधीच सापडला नसता.

## टप्पा ५: क्रियापदापासून नाम

या टप्प्यावर चौथ्या रूपाचे अंग बहुतेक काम करते.

कर्तृवाचक नाम -ओर लावून होते: स्क्रिप्त- पासून स्क्रिप्तोर (लेखक), कुर्स- पासून कुर्सोर (धावणारा). व्याकरणे हा प्रत्यय -तोर किंवा -सोर असा देतात, पण त्यातला ‘त’ किंवा ‘स’ चौथ्या रूपात आधीच आलेला असतो, म्हणून तो दोनदा लिहू नये. स्त्रीलिंगी रूप -त्रिक्स: विक्तोर, विक्त्रिक्स. संस्कृतातील ‘दातृ’, ‘जनितृ’ यांचा -तृ आणि लॅटिन ‘दातोर’, ‘गेनितोर’ यांचा -तोर सख्खे आहेत, म्हणून अर्थ चुकण्याचे कारण नाही.

क्रिया किंवा तिचे फल यासाठी तीन प्रत्यय आहेत. -इओ (आक्तिओ, आक्तिओनिस, स्त्रीलिंगी), -ऊरा (स्क्रिप्तूरा, स्त्रीलिंगी) आणि चौथ्या वर्गाचा -उस (कुर्सुस, षष्ठी कुर्सूस, पुल्लिंगी). अर्थात थोडा फरक असतो, पण कोणता धातू कोणता प्रत्यय घेतो याला नियम नाही; कोश उघडावाच लागतो.

इशारा: विदेओ (पाहणे) यापासूनचे ‘वीसुस’ हे ‘दृष्टी’ या अर्थाचे नाम आहे आणि ‘पाहिलेला’ या अर्थाचे धातुसाधित विशेषणही आहे. षष्ठी वीसूस असेल तर नाम, वीसी असेल तर विशेषण. वाक्यात हे रूप भेटले की त्याच्या शेजारी त्याच लिंग-वचनाचे दुसरे नाम आहे का, हे आधी पाहावे.

साधन किंवा फल दाखवणारी नपुंसकलिंगी नामे बहुधा वर्तमानाच्या अंगावरून होतात. -मेन्तुम: ओर्नो (सजवणे) ते ओर्नामेन्तुम. -कुलुम: वेहो (वाहून नेणे) ते वेहिकुलुम. येथेही तेच विषमीकरण दिसते. अंगात ‘ल’ असेल तर -कुलुमचा -क्रुम होतो: लावो (धुणे) ते लावाक्रुम, सेपेलिओ (पुरणे) ते सेपुल्क्रुम. विशेषणांतला -आलिस/-आरिस आणि नामांतला -कुलुम/-क्रुम हे एकाच सवयीचे दोन आविष्कार आहेत. एक समजला की दुसरा वेगळा पाठ करावा लागत नाही.

## टप्पा ६: विशेषणापासून भाववाचक नाम

चार प्रत्यय पुरेसे आहेत आणि चारही स्त्रीलिंगी नामे देतात: -तास (वेरुस ते वेरितास, सत्य), -तूदो (माग्नुस ते माग्नितूदो, मोठेपणा), -इआ (आउदाक्स, आउदाकिस ते आउदाकिआ) आणि -इतिआ (आमीकुस ते आमीकितिआ, मैत्री).

-तासच्या आधी साधारणपणे जोडस्वर ‘इ’ येतो, पण अंगाच्या शेवटी आधीच ‘इ’ असेल तर तो जोडस्वर ‘ए’ होतो. पिउस ते पिएतास, वारिउस ते वारिएतास, सोकिउस ते सोकिएतास. ‘पिइतास’ असे रूप अस्तित्वात नाही. काही विशेषणांना दोन प्रत्यय चालतात, जसे फिर्मितास आणि फिर्मितूदो. बहुतेकांना मात्र एकच चालतो, आणि ‘माग्नितास’सारखे रूप अर्थाला बरोबर वाटले तरी लिहू नये.

तपासणी: या नामांच्या षष्ठ्या लगेच लिहून ठेवाव्यात: वेरितातिस, माग्नितूदिनिस. त्यांच्यापासून पुन्हा शब्द घडवायचा असेल तर अंग वेरितात- आणि माग्नितूदिन- हेच घ्यावे लागेल.

## टप्पा ७: लघुत्वदर्शक नामे

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: लघुत्वदर्शक नाम सहसा मूळ नामाचे लिंग राखते. वेन्तेर (पोट) पुल्लिंगी, म्हणून वेन्त्रिकुलुस. क्लाविस (किल्ली) स्त्रीलिंगी, म्हणून क्लाविकुला. केरेब्रुम (मेंदू) नपुंसकलिंगी, म्हणून केरेबेल्लुम.

पहिल्या दोन वर्गांतील नामांना -उलुस लागतो (होर्तुलुस), आधी ‘इ’ किंवा ‘ए’ असेल तर -ओलुस (फीलिओलुस), आणि -एर किंवा -र अंगाच्या शब्दांना बहुधा -एल्लुस (लिबेर, लिब्री, पुस्तक, यापासून लिबेल्लुस). उरलेल्या वर्गांना -कुलुस.

इशारा: पहिल्या टप्प्यातील नियमाला मोठा अपवाद येथेच आहे. षष्ठीत ज्यांच्या ‘स’चा ‘र’ होतो, अशी नामे -कुलुसच्या आधी जुना ‘स’ राखतात. म्हणून कोर्पोरालिस, पण कोर्पुस्कुलुम. फ्लोरालिस, पण फ्लोस्कुलुस. दीर्घ ‘ओ’ असलेला ओस, ओरिस (तोंड) ओस्कुलुम देतो. ऱ्हस्व ‘ओ’ असलेला ओस, ओस्सिस (हाड) मात्र ओस्सिकुलुम देतो.

## टप्पा ८: लिंग जुळवणे आणि उलट तपासणी

विशेषण तयार झाले म्हणजे काम संपले, असे समजून अनेक जण येथेच थांबतात. विशेषणाला ज्या नामाशेजारी बसायचे आहे, त्याचे लिंग आता पाहावे. -उस वर्गाला तीन अंत्य आहेत: क्रोकुस सातीवुस (केशर), ओरीझा सातीवा (भात), आल्लिउम सातीवुम (लसूण). -इस वर्गाला दोन: फासेओलुस वुल्गारिस (घेवडा) आणि बेता वुल्गारिस (बीट), पण होर्देउम वुल्गारे (जव). -आक्स वर्गाला प्रथमा एकवचनात एकच.

नामाच्या अंत्यावरून लिंग ठरवू नये. शतावरीचे नाव आस्पारागुस राकेमोसुस आहे आणि उंबराचे फीकुस राकेमोसा. दोन्ही गणनामे -उस अंत्याची, विशेषण तेच. पण लॅटिनमध्ये फीकुस, पीनुस, प्रूनुस अशी बरीच वृक्षनामे स्त्रीलिंगी आहेत.

तसेच गणनामानंतरचा प्रत्येक शब्द विशेषण असतो असेही नाही. उसाच्या साक्खारुम ओफ्फिकीनारुम या नावातील दुसरा शब्द ‘औषधशाळांचा’ अशा अर्थाचे षष्ठी अनेकवचन आहे. तो गणाच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. बहाव्याच्या कास्सिआ फिस्तुला या नावात ‘फिस्तुला’ (नळी) हे दुसरे नामच आहे. अशा शब्दांवर लिंगाचा अंत्य लादणे ही चूक छापील फलकांवरही दिसते.

शेवटी शब्द उलट्या क्रमाने फोडून पाहावा. कानशिलाच्या हाडाचे नाव घ्यायचे आहे, असे समजू. तेम्पुस (कानशील), षष्ठी तेम्पोरिस, अंग तेम्पोर-. संबंधवाचक प्रत्यय हवा. अंगात ‘ल’ नाही, म्हणून -आलिस. विशेषण झाले तेम्पोरालिस. आता सोबतचे नाम पाहावे: मुस्कुलुस पुल्लिंगी, म्हणून मुस्कुलुस तेम्पोरालिस, आर्तेरिआ स्त्रीलिंगी, म्हणून आर्तेरिआ तेम्पोरालिस, ओस नपुंसकलिंगी, म्हणून ओस तेम्पोराले. दोन्ही बाजूंची हाडे एकत्र सांगायची असतील तर नपुंसकलिंगी अनेकवचन येते, आणि नाव ओस्सा तेम्पोरालिआ असे लिहावे.